दूरसंचार उपकरणांच्या बाजारात दुसऱ्या पुरवठादाराला जागा हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी यंत्रणेविषयी आपल्या दैनिकात अलीकडे जो मजकूर आणि त्यावरची जी वाचकपत्रे आली, ती मी लक्षपूर्वक वाचली. एका बाजूने अभिमान व्यक्त झाला आहे, तर दुसऱ्या बाजूने ‘बाहेरचा माल स्वस्त आणि कसाला उतरलेला मिळत असताना हा खटाटोप कशासाठी’ असा रोखठोक प्रश्न विचारला गेला आहे. माझी नोकरी बडोदे आणि आसपासच्या तालुक्यांतील टेलिफोन एक्स्चेंजांमध्ये गेली. त्यामुळे हा प्रश्न मला अनाठायी वाटत नाही, पण तो अपुरा वाटतो. दूरसंचाराचे यंत्र विकत घेताना जी किंमत मोजली जाते, तिच्यावरून या बाजाराचा अंदाज येत नाही. यंत्र बसल्यानंतर पुढची दहा-पंधरा वर्षे त्याच्या सॉफ्टवेअरसाठी, सुट्या कार्डांसाठी आणि विस्तारासाठी आपण कोणाच्या दारात उभे राहणार आहोत आणि त्या काळात दुसरे एखादे दार उघडे राहणार आहे की नाही, यावर सगळे ठरते.

गेल्या पाव शतकात या धंद्यात किती मोठी घरे बसली, हे पाहण्यासारखे आहे. कॅनडाची नॉर्टेल २००९ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली आणि तिचे तुकडे एरिक्सन, सिएना वगैरे कंपन्यांनी उचलले. अमेरिकेची ल्युसेंट २००६ मध्ये फ्रान्सच्या अल्काटेलमध्ये मिसळली आणि ही जोडकंपनी २०१६ मध्ये नोकियाच्या पोटात गेली. त्याच नोकियाने त्याआधी मोटोरोलाचा नेटवर्कचा धंदा घेतला होता आणि सीमेन्सबरोबरच्या भागीदारीतील सीमेन्सचा हिस्साही विकत घेतला होता. अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, फायबरवरील प्रकाशीय उपकरणे करणारी इन्फिनेरा नोकियाकडे गेली, तर राउटर बनवणारी ज्युनिपर एचपीई या संगणक कंपनीकडे. आज मोबाइलच्या टॉवरवर बसणारी रेडिओ यंत्रणा जगभर पुरवू शकतील अशा मोठ्या कंपन्या मोजायला एका हाताची बोटे पुरतात. चीनच्या हुवावे आणि झेडटीई, स्वीडनची एरिक्सन, फिनलंडची नोकिया आणि दक्षिण कोरियाची सॅमसंग. ज्या देशांनी सुरक्षेच्या कारणास्तव चिनी यंत्रणा नाकारली, त्यांच्यापुढे तीनच नावे उरतात.

असे का व्हावे, याचे कारण फार गूढ नाही. साधारण दर दहा वर्षांनी मोबाइलची नवी पिढी येते आणि प्रत्येक पिढीसाठी संशोधनावर प्रचंड खर्च करावा लागतो. हुवावेने एकट्या २०२३ मध्ये संशोधनावर १६४.७ अब्ज युआन, म्हणजे आपल्या उत्पन्नाच्या २३.४ टक्के, खर्च केले. दुसरीकडे गिऱ्हाइके मोजकी असतात. एका देशात दोन-चार मोबाइल कंपन्या, त्याही एकमेकींत विलीन होत जाणाऱ्या. अशा वेळी एक मोठी ऑर्डर हातची गेली, तरी शंभर वर्षांच्या कंपनीचा पाया हलतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमधले आहे. तेथील बीटी या दूरसंचार कंपनीने आपले सारे जाळे नव्याने उभारण्यासाठी २००५ च्या एप्रिलमध्ये आठ पुरवठादार निवडले. त्यांत हुवावे होती, पण ब्रिटनचीच मार्कोनी नव्हती. बीटी हे मार्कोनीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. किमतीत मार्कोनी मागे पडली आणि त्याच वर्षी तिचा बहुतांश धंदा एरिक्सनला विकण्याचा निर्णय झाला. खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या दिवशी आपल्या कंपनीचे पैसे वाचवले, यात शंका नाही. परंतु २०२० च्या जुलैमध्ये ब्रिटिश सरकारने हुवावेची ५जी उपकरणे २०२७ अखेरपर्यंत जाळ्यातून काढून टाकण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या जागी बसवायला स्वतःच्या देशातला एकही मोठा उत्पादक शिल्लक नव्हता. बसलेली यंत्रे काढायची, पुन्हा नवी घ्यायची आणि तीही उरलेल्या दोन-तीन विक्रेत्यांकडून. पंधरा वर्षांपूर्वी वाचवलेल्या पैशांचा हिशेब कोणी या खर्चाशी ताडून मांडला असेल, तर तो आपल्याकडील प्रत्येक खरेदी समितीने वाचावा असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या घरापर्यंत येऊ. हा विषय टॉवरवाल्यांचा आहे, आपला नाही, असा समज असतो, तो बरोबर नाही. घरोघरी भिंतीवर जो फायबरचा डबा लावलेला असतो, त्याला या धंद्यात ओएनटी म्हणतात. त्याचे दुसरे टोक केबलवाल्याच्या किंवा कंपनीच्या खोलीतील ओएलटी नावाच्या यंत्रात असते. एका फायबरवर स्प्लिटर, म्हणजे प्रकाश वाटून देणारा भाग, लावून बत्तीस किंवा चौसष्ट घरे जोडतात. १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशावर माहिती घराकडे येते आणि १३१० वर परत जाते. हे सगळे आंतरराष्ट्रीय मानकात लिहिलेले आहे. म्हणजे कोणाचाही डबा कोणाच्याही यंत्राला लागायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही. ओएलटीने ओएनटीला सूचना द्यायच्या ज्या पद्धती मानकात आहेत, त्यांत प्रत्येक उत्पादकाने स्वतःच्या काही गोष्टी घालून ठेवलेल्या असतात. मग दुसऱ्या कंपनीचा डबा लावला की हिरवा दिवा लागतो, प्रकाश व्यवस्थित पोहोचतो, मीटरवर पातळी उत्तम दिसते आणि इंटरनेट मात्र चालू होत नाही, किंवा इंटरनेट चालते आणि फोन मुका राहतो.

बडोद्यातील माझ्या परिचयाच्या एका छोट्या केबल व्यावसायिकाला हा अनुभव पुरेपूर आला. त्याने अत्यंत कमी दरात ओएलटी आणि शेकड्यांनी ओएनटी घेतले. काही वर्षांनी विक्रेत्याने ते मॉडेल बंद केले आणि सॉफ्टवेअरची दुरुस्ती देणेही थांबवले. नवी ओएलटी दुसऱ्या कंपनीची घ्यावी, तर घरोघरचे सगळे डबे बदलावे लागणार होते. त्याने असा एक बंद पडलेला डबा माझ्या टेबलावर उघडला. आत एक हिरवी पाटी, मधोमध उष्णता शोषणाऱ्या पत्र्याखाली एक मुख्य चिप, शेजारी मेमरी आणि एका कडेला फायबरची बारीक शेपटी निघालेला बोटाच्या पेराएवढा प्रकाशीय भाग. चिप शाबूत होती, प्रकाशीय भाग शाबूत होता, वीजपुरवठ्याचा भागही ठीक होता. डबा निकामी झाला होता तो केवळ त्याच्या आतील सॉफ्टवेअरला कोणी वाली उरला नाही म्हणून. त्या तरुणाने शेवटी कर्ज काढून सगळे डबे बदलले. त्याच्यासारखे व्यावसायिक मकरपुऱ्यापासून वाघोडियापर्यंत आहेत आणि त्यांतील अनेकांना ओएलटी घेतानाच ‘हिच्यावर आणखी कोणत्या कंपन्यांचे ओएनटी चालवून दाखवता’ असे विचारायचे असते, हे कोणी सांगितलेले नसते.

टॉवरवरही हेच घडते, फक्त रकमा मोठ्या असतात. वर अँटेनाजवळ लहरी पाठवणारे-घेणारे रेडिओ युनिट असते आणि खाली कपाटात त्या संदेशांवर प्रक्रिया करणारे बेसबँड असते. दोहोंना जोडणाऱ्या फायबरवरील संवादाची पद्धत २००३ पासून मोठ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली आहे. तरीही त्यातील बराच तपशील ज्याचा त्याने ठरवायचा असल्यामुळे वरचे आणि खालचे यंत्र एकाच कंपनीचे घ्यावे लागते. ही गाठ सोडवण्यासाठी २०१८ मध्ये ओ-रॅन अलायन्स ही संघटना स्थापन झाली आणि तिने ही जोडणी खऱ्या अर्थाने खुली करणारी मानके तयार केली. यातून नव्या, लहान कंपन्यांना वाट मिळेल अशी अपेक्षा होती. पण २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एटी अँड टीने खुल्या जोडणीच्या नावाने जो पाच वर्षांचा, सुमारे १४ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकणारा करार केला, तो एरिक्सनला मिळाला आणि नोकियाला त्या जाळ्यातून बाहेर पडावे लागले. मानक खुले असणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. खरेदीदाराने ठरवून दुसऱ्याला काही वाटा दिला नाही, तर खुल्या दारातूनही पहिलाच आत येतो.

आपल्या देशाने हा धडा एकदा फार चांगला गिरवला होता आणि त्यात बडोद्याचाही थोडा वाटा आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन १९६० च्या दशकात अमेरिकेला गेलेले सॅम पित्रोदा परत आले आणि त्यांच्या पुढाकाराने १९८४ च्या ऑगस्टमध्ये सी-डॉट ही संस्था सुरू झाली. छत्तीस महिने आणि छत्तीस कोटी रुपये, एवढी तिची मागणी होती. त्या काळी परदेशी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज मोठ्या शहरांसाठी, हजारो लाइनींची आणि वातानुकूलित खोलीत ठेवायची असत. सी-डॉटने १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज बनवले. त्याला आम्ही सगळे रॅक्स म्हणत असू. ते १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे पहिल्यांदा बसले आणि त्याला वातानुकूलनाची गरज नव्हती. ज्या गावात दिवसाचे काही तास वीज यायची आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत हात लावू नये असा रॅक तापायचा, तेथे हे यंत्र चालले. एका कार्डावर आठ ग्राहकांच्या लाइनी असत. आठ फोन एकदम बंद पडल्याची तक्रार आली की नेमके कोणते कार्ड ते लगेच कळायचे, बाहेर काढून दुसरे सरकवायचे आणि खराब कार्ड दुरुस्तीला पाठवायचे. ते दुरुस्त होऊन परत येत असे, कारण त्याचा नकाशा आपल्याकडे होता. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे हे तंत्रज्ञान एकाच कारखान्याच्या स्वाधीन न करता सार्वजनिक आणि खासगी अशा अनेक उत्पादकांना देण्यात आले. एकाच आराखड्याचे एक्स्चेंज वेगवेगळ्या कारखान्यांतून येत असल्यामुळे कोणी एक पुरवठादार आम्हाला अडवून धरू शकत नव्हता.

ही परंपरा मोबाइलच्या युगात तुटली. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून देशातला पहिला मोबाइल कॉल झाला आणि पुढच्या तीन पिढ्या आपण परदेशी उपकरणांवर काढल्या. मोबाइल सेवेचे दर जगात सर्वांत खाली आणल्याचे श्रेय आपल्या कंपन्यांना जरूर आहे. त्यांना परदेशी विक्रेत्यांनी उधारीवर यंत्रे दिली नसती, तर ते इतक्या लवकर साधलेही नसते. पण त्या सगळ्या वर्षांत देशात रेडिओ यंत्रणेचा आराखडा करणारी माणसे तयार होण्याची संधी गेली, ती गेलीच.

सुधारणा सुरू झाली ती चीनबरोबरच्या गलवान संघर्षानंतर. बीएसएनएलची ४जी निविदा २०२० मध्ये रद्द झाली, जून २०२१ पासून विश्वासार्ह स्रोताकडूनच उपकरणे घेण्याचा नियम लागू झाला आणि त्याच वर्षी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनासाठी १२,१९५ कोटी रुपयांची योजना आली. टीसीएसच्या नेतृत्वाखाली तेजस नेटवर्क्स या भारतीय कंपनीची रेडिओ यंत्रणा आणि सी-डॉटचे कोर नेटवर्क, म्हणजे सगळे टॉवर जोडणारी मध्यवर्ती यंत्रणा, एकत्र करून बीएसएनएलचे ४जी उभे राहिले आणि २७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याचे रीतसर उद्घाटन झाले. स्वतःची ४जी यंत्रणा करणारे देश जगात मोजके आहेत, त्यांत आपण आलो. ज्यांनी ही कामगिरी केली त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो.

मात्र या यशाची किंमत कोणी चुकवली, हेही सांगितले पाहिजे. एअरटेलने कोलकात्यात ४जी सुरू केले ते २०१२ मध्ये, जिओ आली २०१६ मध्ये. बीएसएनएलचे ग्राहक त्यानंतर वर्षानुवर्षे थांबले आणि थांबून थांबून निघून गेले. स्वदेशीचा सगळा भार एकाच सार्वजनिक कंपनीच्या खांद्यावर ठेवला गेला आणि इतर कंपन्यांनी आपली ५जी यंत्रणा एरिक्सन, नोकिया आणि सॅमसंगकडून घेतली. जिओने आपला ५जी कोर स्वतः तयार केला, ही निश्चितच मोठी गोष्ट आहे, पण तिच्याही टॉवरवरील रेडिओसाठी नोकिया आणि एरिक्सनशीच करार झाले. व्होडाफोन आयडियाचा सप्टेंबर २०२४ चा ३.६ अब्ज डॉलरचा करारही याच तिघांबरोबर आहे.

याचा परिणाम स्वदेशी उत्पादकावर कसा होतो, ते तेजसच्या जाहीर आकड्यांतच दिसते. बीएसएनएलची ऑर्डर पुरवली जात होती त्या २०२४-२५ मध्ये कंपनीचे उत्पन्न सुमारे ८,९०० कोटी रुपये होते. ती ऑर्डर संपत आल्यावर पुढच्याच एप्रिल ते जून या तिमाहीत ते सुमारे २०० कोटींवर आले. माल खराब निघाला म्हणून हे झाले नाही. गिऱ्हाईक एकच होते आणि त्याची गरज तेवढ्यापुरती भागली. पुढच्या पिढीचे संशोधन अशा चढउतारावर कसे चालावे? मार्कोनीची गोष्ट मी वर इतक्या विस्ताराने लिहिली ती यासाठीच. बीटीच्या एका निर्णयाने मार्कोनी बुडाली आणि आपल्याकडचा नवा उत्पादक जन्मतःच तशाच एका गिऱ्हाइकावर उभा आहे.

आयातशुल्क वाढवून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. शुल्काने टॉवर महाग होतो, त्याचा बोजा शेवटी ग्राहकावर पडतो आणि माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील आपल्या शुल्काबाबत जागतिक व्यापार संघटनेच्या लवादाने २०२३ मध्ये आपल्याविरुद्ध निर्णय दिलेलाच आहे. माझे म्हणणे याहून साधे आहे. देशातील प्रत्येक मोठ्या दूरसंचार कंपनीने, खासगी असो की सरकारी, आपल्या दरवर्षीच्या नव्या उपकरणांपैकी एक लहान पण ठरावीक हिस्सा मुख्य पुरवठादाराखेरीज दुसऱ्या उत्पादकाकडून घ्यावा आणि त्या हिश्शात देशात आराखडा झालेल्या उपकरणांना आधी संधी मिळावी. एखाद्या दूरसंचार वर्तुळातील (सर्कलमधील) काही जिल्हे, काही शेकडो टॉवर, एवढ्यापासून सुरुवात पुरते. त्यामुळे कोणत्याही कंपनीच्या सेवेला धोका पोहोचत नाही. उत्पादकाला मात्र दरवर्षी थोडे काम मिळत राहते आणि प्रत्यक्ष रस्त्यावरच्या गर्दीत आपले यंत्र कोठे कमी पडते, हे त्याला कळते. प्रयोगशाळेत जे दोष कधीच दिसत नाहीत, ते नवरात्रीच्या रात्री गरब्याच्या मैदानावर हजारो फोन एकाच वेळी व्हिडिओ पाठवू लागले की दहा मिनिटांत दिसतात.

सरकारी निविदांतही एक बदल तातडीने हवा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या खरेदीविषयक आदेशानुसार पन्नास टक्के किंवा अधिक स्थानिक मूल्य असलेल्या पुरवठादाराला प्राधान्य मिळते, हे कागदावर चांगले आहे. पण निविदेच्या तांत्रिक अटी वाचल्या की पुष्कळदा त्या एखाद्या विशिष्ट परदेशी मॉडेलच्या माहितीपत्रकावरून उतरवून घेतल्यासारख्या वाटतात. अमुक इतके पोर्ट, अमुक नावाची सुविधा, अमुक रचनेचा रॅक. मग प्राधान्याचा नियम असूनही स्थानिक उत्पादक पात्रच ठरत नाही. त्याऐवजी काय काम व्हायला हवे ते लिहावे, दुसऱ्या किमान दोन कंपन्यांच्या उपकरणांशी जोडून चालवून दाखवण्याची अट घालावी आणि सर्वांत कमी दर ठरवताना दहा वर्षांचे सॉफ्टवेअर परवाने, देखभाल करार आणि सुटी कार्डे यांची किंमत धरूनच तुलना करावी. आज पहिल्या दिवसाच्या दरावर निविदा सुटते आणि विक्रेता आपला नफा चौथ्या-पाचव्या वर्षापासून परवान्यांतून वसूल करतो, हे खरेदी विभागातील प्रत्येक अनुभवी माणसाला ठाऊक आहे.

आपल्या शहराने यात काय करावे, याविषयी दोन गोष्टी सुचवतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले ते हाताला कसब आणि उद्योगाला माणसे मिळावीत म्हणून. आज तेच विद्यापीठाचे तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखेचे घर आहे. तेथे एक खुली जोडणी-तपासणी प्रयोगशाळा उभारावी, जिच्यात निरनिराळ्या कंपन्यांच्या ओएलटी आणि ओएनटी एकमेकांना जोडून तपासता येतील आणि कोणाचे कोणाशी जुळते याचा तक्ता सर्वांना पाहता येईल. यासाठी काही कोटींची यंत्रे लागत नाहीत. दोन-तीन ओएलटी, काही डझन डबे, स्प्लिटर, प्रकाशमापक आणि काम करायला उत्सुक विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात होते. छोट्या केबल व्यावसायिकांचे यातून होणारे हित उघड आहे, आणि विद्यार्थ्यांना उपकरणाच्या पोटात शिरून काम करण्याची जी संधी मिळेल, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळणारी नाही.

दुसरी गोष्ट रेल्वेची. लालबागेत रेल्वेची राष्ट्रीय अकादमी आहे आणि २०२२ पासून गतिशक्ती हे केंद्रीय विद्यापीठही बडोद्यात आहे. रेल्वेला गाड्यांच्या सुरक्षित संपर्कासाठी ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झ रेडिओलहरी २०२१ मध्ये मंजूर झाल्या आहेत आणि देशभर रुळांच्या कडेने त्यासाठी जी यंत्रणा उभी करावी लागेल, ती या दशकातील एक फार मोठी खरेदी असेल. मोबाइल कंपन्यांखेरीज असे दुसरे मोठे गिऱ्हाईक स्वदेशी उत्पादकांना क्वचितच मिळेल. ही खरेदी एकाच विक्रेत्याच्या बंद यंत्रणेत अडकू नये, विभागवार निदान दोन वेगवेगळ्या उत्पादकांची उपकरणे एकमेकांशी बोलतील अशा अटींवर ती व्हावी आणि त्या अटी लिहिण्याच्या कामात येथील दोन्ही विद्यापीठांतील तज्ज्ञांना सामावून घ्यावे, अशी मागणी बडोद्याच्या लोकप्रतिनिधींनी आताच, निविदा निघण्यापूर्वी, रेल्वे मंत्रालयाकडे करावी. निविदा एकदा निघाली की तिच्या अटींत बदल करून घेणे जवळजवळ अशक्य असते.

आपला स्नेहांकित,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता,
दांडिया बाजार, बडोदे